शेंदूर लागलेला वाघ

मित्रांनो, मी एक जुना वाघ आहे. पण मला पोट नाही, शेपूट नाही. आहे ते फक्त तोंड. मी कागदाच्या लगद्याचा मुखवटा. माझे आयुष्य सांगण्याजोगे आहे का, याची मला खात्री नाही, तरी सांगतो.

कशेळ्याजवळच्या एका शाळेत सुरभीबाईंनी रद्दी भिजवून लगदा केला आणि पालथ्या गाडग्यावर मुलांकडून मला थापून घेतले. बाईंची रीतच तशी. गोष्ट नुसती वाचायची नाही, मला चढवून वाघ व्हायचे. कविताही डरकाळ्या फोडत म्हणायची.

दुसरीतली भाविका वर्गात कधीच बोलत नसे. एकदा तिने मला चढवले आणि आतून असा आवाज फुटला, की मीच दचकलो!

"अरं, हिला तोंड हाय!" तिच्या वर्गातला रुद्र ओरडला.

त्यानंतर माझ्या आडून ती अख्ख्या कविता म्हणू लागली.

मग वाघबारस आली. आमच्याकडे त्या दिवशी वाघाला देव मानून पुजतात. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गोदूबाई म्हणजे भाविकाची आजी. त्यांनी मला फळीवर पाहिले, कपाळाला शेंदूर फासला आणि पुढ्यात नारळ फोडला.

"आता याला कुनी डोक्यात घालायचं नाय. देव हाय तो!"

त्यांचे मन मोडवेना, म्हणून बाईंनी मला फळीवरच राहू दिले. मी सुन्न झालो. मी रद्दीचा, आणि देव? मुले लांबूनच हात जोडू लागली. भाविका तर पुन्हा मुकी झाली.

एका दुपारी रिकाम्या वर्गात ती माझ्यापुढे आली. "वाघोबा, तुजा आवाज मला दे ना."

माझा कुठला आवाज? तो तिचाच होता! पण आत माणूस नसेल, तर मला बोलता येत नाही.

दारात गोदूबाई उभ्या होत्या. "म्हंजे बाई सांगतात ते खरं हाय? तू कविता म्हनतेस?"

भाविकाने मान हलवली. गोदूबाईंनी मला उतरवले. "माफ कर रं, वाघोबा," म्हणाल्या आणि मला नातीच्या तोंडावर चढवले. "म्हन गं. मला ऐकू दे."

भाविका म्हणू लागली. मध्येच तिने मला ओढून काढले. संपले, असे मला वाटले. पण उरलेली कविता तिने उघड्या तोंडाने, आजीकडे बघत म्हटली. गोदूबाईंनी तिच्यावरून बोटे कडाकडा मोडली. भाविकाच्या काखेत मी हादरून गेलो होतो.

मित्रांनो, आता माझा एक कान फाटला आहे. तरी मला जपायचे म्हणून फळीवर ठेवू नका. तुमच्या वर्गातही एखादे गप्प पोर असेल. मला त्याच्यापाशी न्या. पुढे ते मला उतरवून ठेवील, तेव्हा माझ्यासाठी हळहळू नका. भाविकाने मला काढले, तेव्हाही मला वाईट वाटले नाही.

खरे सांगू? थोडे वाटले.