सतरा ठिकाणची सेटिंग्ज

"ही स्क्रिप्ट लिहायला मला तीन आठवडे लागले," प्रज्योत म्हणाला आणि कल्पिताच्या हातातलं पेन थांबलं.

अलिबागच्या ऑफिसात सगळे पडद्याकडे बघत होते. कंपनी मासळीच्या शीतगृहांना सॉफ्टवेअर पुरवायची. नवी आवृत्ती कंटेनरमध्ये, म्हणजे लागेल त्या सगळ्या सामानासकट एका गाठोड्यात बांधून यायची. पण प्रत्येक ठिकाणचा वजनकाटा वेगळा, पासवर्ड वेगळे, तापमानाची मर्यादा वेगळी. रेवदंड्याची कल्पिता सहा वर्षं सतरा शीतगृहांत स्वतः जाऊन ती सेटिंग्ज हातानं भरत होती. गेल्या महिन्यात तिनंच घरी बसून ती आपोआप भरणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. शेजारच्या टेबलावरच्या प्रज्योतला तिनं पहिल्या दिवसापासून काम शिकवलं होतं. "एकदा नजर टाक," म्हणून विश्वासानं ती स्क्रिप्ट त्यालाच पाठवली.

पडद्यावर एकेक शीतगृह हिरवं होत गेलं. आगरदांडा मात्र लाल झालं.

"काय झालं?" ऑफिसचे प्रमुख विनेशसर, त्यांनी विचारलं.

प्रज्योतनं कल्पिताकडे बघितलं. तिला गप्प बसता आलं असतं. पण तिकडे होड्या धक्क्याला लागल्या होत्या, मासळी उन्हात पडली असती. ती उठली.

"तिथला काटा जुना आहे. सुरू व्हायला वेळ घेतो." तिनं स्क्रिप्टमध्ये थोडं थांबायला सांगणारी एक ओळ घातली. आगरदांडा हिरवं झालं. टाळ्या प्रज्योतला मिळाल्या.

दुपारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "आता फिरतीचं कामच उरलं नाही गं. पुढच्या महिन्यापासून..."

"सर, ती स्क्रिप्ट माझी आहे."

"प्रज्योत म्हणालाच होता, तू असं म्हणशील."

जिन्यात प्रज्योत आडवा आला. "ताई, माझी पण नोकरी जाणार होती. समजून घे ना."

"निदान ताई म्हणू नकोस," एवढंच बोलून ती खाली उतरली.

रेवदंड्याला रिक्षातून उतरल्यावर तिनं आगरदांड्याच्या हरेश्वरकाकांना फोन लावला. तिथलं शीतगृह तेच सांभाळत.

"काका, मी आता यायची नाही. काम आपोआप होणार."

"आपोआप? आनि बिगडलं तर मी कोनाला हाक मारू?"



"नाही बिघडणार, काका. लिहिणाऱ्यानं नीट लिहिलंय."