सरांच्या हातचं सूत्र

मित्रांनो, मी कासारवाडीच्या एका हायस्कुलातला जुना फळा आहे. तुम्ही वर्षानुवर्षं ज्याच्याकडे तोंड करून बसता, पण ज्याला ‘कसा आहेस’ म्हणून कुणी विचारत नाही, तसल्यांपैकीच एक. आता अडगळीच्या खोलीत मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे. फार बोलायची उमेद राहिलेली नाही. एक गोष्ट मात्र मनात अडकून बसली आहे, तेवढी सांगतो.

माझं लाकूड या मुलखातलं नाही. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, तेव्हा परदेशातून यंत्रं मोठाल्या खोक्यांतून यायची. यंत्रं आत गेली की खोकी बाहेर पडून राहायची. तसल्याच एका खोक्याच्या तीन रुंद फळ्या सुताराने उभ्या जोडल्या आणि माझा जन्म झाला. डावा सांधा घट्ट बसला, उजवा काही बसला नाही. तिथे वरपासून खालपर्यंत एक बारीक फट राहिली. दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी मुलं संपलेल्या सेलमधली काळी पूड, कोळसा आणि पाल्याचा रस खलून मला रंगवायची. अंग काळंभोर व्हायचं, फट तेवढी तशीच राहायची.

चौऱ्याहत्तर साली माझ्या वाट्याला दहावीचा वर्ग आला. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा नव्याने सुरू व्हायची होती, आणि ही त्यातली पहिलीच तुकडी. नवी पुस्तकं उशिरा आली, ती मोजक्याच मुलांना मिळाली. पण कुणाला त्याची काळजी नव्हती, कारण गणिताला हरिहर सर होते. सरांनी कधी आवाज चढवला नाही. समजलं नाही तर पुन्हा सांगायचे, तरी नाही समजलं तर तिसऱ्यांदा. तास संपताना गणित अर्धवट राहिलं, तर ते माझ्या उजव्या बाजूला तसंच ठेवायचे आणि खाली लिहायचे, ‘पुसू नये’. दुसऱ्या दिवशी बरोबर तिथूनच पुढे.

दिवाळी झाली आणि सरांच्या पत्नीला छातीचं दुखणं लागलं. त्यांना औंधच्या दवाखान्यात ठेवलं. घरात दुसरं माणूस नाही. सर दोन दिवस यायचे, चार दिवस यायचे नाहीत. मुख्याध्यापिका सुभद्राबाई बदली शिक्षक शोधून शोधून थकल्या. विज्ञानाची पदवी घेतलेला मुलगा कंपनी सोडून शाळेत कशाला येईल? एकाने यायचं कबूल केलं होतं. रुजू व्हायच्या दिवशी तो आला, कंपनीचं पत्र दाखवलं, बाईंच्या पाया पडला आणि गेला.

मोकळ्या तासांची मुलांना आधी मजा वाटली. भेंड्या झाल्या, कागदाची विमानं झाली, शेजारच्या वर्गाच्या तक्रारी झाल्या. मग मजाही विटली. मागच्या बाकावरची दोन मुलं मधल्या सुट्टीनंतर कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहू लागली, आणि एक दिवस तिकडचीच झाली.

डिसेंबरात एकदा सर आले. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. त्यांनी वर्गसमीकरण सोडवायचं सूत्र माझ्या उजव्या बाजूला लिहिलं. हे आलं कुठून ते आता दाखवतो, म्हणाले, आणि खडू टेकवला तोच शिपाई निरोप घेऊन दारात उभा. सरांनी घाईने खाली ‘पुसू नये’ लिहिलं आणि ते गेले. त्यानंतर परीक्षेपर्यंतचे जवळजवळ तीन महिने ते फिरकलेच नाहीत, आणि पुढे सुट्टी लागली.

आता शैलाची ओळख करून देतो. ती वर्गाची मॉनिटर. तिचे वडील हिंदुराव साताऱ्याकडून येऊन कंपनीच्या भट्टीवर लागलेले. त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, पास झाली तर पुढे शिकवीन, एका विषयात जरी राहिली तरी गावाकडचं स्थळ आहे. शैलाला शिक्षिका व्हायचं होतं. बाकीचे विषय तिला जड नव्हते. धाकधूक होती ती गणिताची.

सूत्र पुसट होऊ लागलं, तेव्हा तिने एक नेम धरला. रोज प्रार्थना झाली की चपला दाराबाहेर काढायच्या, मला हात लावून नमस्कार करायचा आणि सरांची अक्षरं जशीच्या तशी गिरवायची. सगळा वर्ग तेवढा वेळ चिडीचूप बसायचा. दुसरे शिक्षकही माझी डावी बाजूच वापरायचे. मला बरं वाटायचं, उगाच कशाला लपवू?

पण मित्रांनो, त्या सूत्रात वर्गमुळाखाली एक वजाचं चिन्ह होतं, आणि ते नेमकं माझ्या फटीवर आलं होतं. रोजच्या गिरवण्याने फटीत खडूची पूड बसत गेली. आडव्या रेघेवर उभी पांढरी रेघ उमटली. एका सकाळी शैलाने ती उभी रेघही भक्तिभावाने गिरवली. वजाचं अधिक झालं.

नंदकिशोर नावाच्या मुलाकडे पुस्तक होतं. त्याच्या ध्यानात आलं.

“पुस्तकात वजा आहे गं.”

“छापताना चुकलं असेल,” शैला म्हणाली. “हे सरांच्या हातचं आहे.”

“सरांच्या हातचं कसलं? रोज तूच तर रंगरंगोटी करतेस.”

वर्ग हसला, पण नंदकिशोरला सगळ्यांनी गप्प बसवलं. सर चुकतील, हे कुणाच्या मनातच येईना. मार्चमध्ये परीक्षा झाली. वर्गातल्या बहुतेकांनी तिथे अधिकच लिहिलं. नंदकिशोरनेसुद्धा.

निकाल लागला तेव्हा शैलाला गणितात एकतीस गुण होते. चार कमी पडले.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव पहिली पाळी करून, डब्याची पिशवी खांद्याला तशीच, शाळेत दाखला मागायला आले. शैला मागे उभी. नेमके त्याच दिवशी हरिहर सरही आले होते. बोलायला म्हणून दोघांना वर्गात घेऊन आले आणि माझ्यासमोर थबकले.

“हे कुणी लिहिलं?”

“तुम्हीच, सर,” शैला म्हणाली. “आम्ही फक्त गिरवत होतो.”

सरांनी फटीवर बोट ठेवलं. बोटाला पांढरी पूड लागली. ते बाकावर बसले. मग त्यांनी हिंदुरावांना हात जोडले. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा आहे, तोवर दाखला नेऊ नका, म्हणाले.

“सर, घरात आजारपण म्हंजे काय, ते मी बी बघितलंय,” हिंदुराव म्हणाले. “तुळशीच्या लग्नापतुर थांबतो मी. पर खरं सांगा, तुमी येनार का?”

“रोज येईन म्हणालो तर ते खोटं होईल. आठवड्यातून एकदा.”

“आन् बाकीचं दिस?”

“बाकीचे दिवस मी येईन, आप्पा,” शैला म्हणाली.

सरांनी माझी उजवी बाजू स्वतः पुसली. सूत्र कुठून येतं ते तिला पहिल्या पायरीपासून दाखवलं, पुसलं, आणि तिच्या हाती खडू दिला. ती चार वेळा अडली. पाचव्यांदा शेवटपर्यंत पोचली, आणि वजा आपसूक वजाच्या जागी आला.

नापास झालेली आणखी दहा मुलं तिने बोलावून आणली. शाळा सुटली की ती रोज शिकवायची. सर कधी आठवड्याने आले, कधी तेही जमलं नाही. ऑक्टोबरात शैला पास झाली, पुढे अध्यापक विद्यालयात गेली. त्या दहांतला नंदकिशोरही सुटला. चार मुलं मात्र परीक्षेला बसलीच नाहीत. तोवर ती कुठेतरी हेल्पर म्हणून लागली होती.

पुढेही अनेक तासांना खुर्ची रिकामी राहिली. कधी जनगणना, कधी निवडणूक, कधी कुणाचं दुखणं. मी कुणाला दोष देत नाही. पत्नीच्या खाटेजवळ बसलेल्या माणसाला काय बोलणार? आणि त्या मुलांची श्रद्धा, ती का चूक होती?

पण एक सांगतो. त्या तीन महिन्यांत सुभद्राबाई रोज आमच्या दाराशी यायच्या. वर्ग शांत बसलेला बघून त्यांना समाधान वाटायचं, आणि त्या तिथूनच परत जायच्या. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी शिक्षक व्हाल, कुणी आईबाप. शिक्षक नसलेला एखादा वर्ग फार शांत दिसला, तर दारातून फिरू नका. आत जा, एखादी वही उघडा आणि मुलांनी काय लिहून घेतलंय ते जरा वाचून बघा.