ओरिनच्या हातातला चेंडू

सप्टेंबरात आमच्या खाणगावात धुकं नदीवरून येई. आधी मैदानात उतरे, मग हळूहळू घरांत शिरे. त्या शनिवारी मात्र खेळ संपायच्या आतच ते छातीपर्यंत चढलं होतं.

बेसबॉलच्या संघात मी कॅचर होतो, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. समोर ओरिन टकेट, चेंडू टाकणारा आमचा पिचर. आठ वर्षं त्याचे चेंडू झेलून माझी बोटं वाकडी झाली होती. एल्म झाडाची साल चघळून तिची बुळबुळीत लाळ तो चेंडूला लावी. तेव्हा ते नियमात बसत असे. असा चेंडू झोपेत चालल्यासारखा येई आणि फलंदाजाच्या पुढ्यात आला की खाली बसे. पण त्या उन्हाळ्यापासून ओरिनचा हात थकला होता. तो सारखा बोटांवर फुंकर घाली.

सकाळीच आमचा मॅनेजर स्ट्रंक त्याला म्हणाला होता, "आज जिंकलास तर वसंतात नव्या हंगामाला ये. हरलास तर तुझा बाप राबला ती खाण आहेच."

शेवटचा डाव. आमची एक धाव जास्त. समोरच्या संघाचा एकच गडी बाद व्हायचा होता, पण त्यांचे दोघे बेसवर धावायला टपलेले; ते माझ्यापर्यंत पोचले की सामना त्यांचा. तेव्हा दिवसभर एकच चेंडू चाले. प्रेक्षकांत गेला तरी लोक परत फेकत. तंबाखूच्या थुंकीनं आणि चिखलानं तो आता कोळशाच्या खड्यासारखा काळा झाला होता.

"दिसतंय का रे काही?" मी फलंदाजाला विचारलं.

"तुझं नाक दिसतंय. ते पुरे आहे निशाणाला."

"अरे, तुम्ही दोघे लग्न ठरवताय का?" मागून पंच ओरडला. "टाक रे टकेट, घरी सूप निवतंय माझं!"

ओरिनचा हात वर गेला. पुढचं मला धुक्यात दिसलं नाही. फक्त बॅटचा आवाज ऐकला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा.

चेंडू कुणालाच दिसला नाही. त्यांचे दोघे पळत आले, मला ओलांडून गेले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मैदानाच्या टोकाला उभा असणारा आमचा झोल्टन गवतात वाकून चेंडू चाचपत होता. त्यांच्या लोकांनी टोप्या उडवल्या. आमचे लोक मान खाली घालून फाटकाकडे निघाले. दूर कुणीतरी शिंगवाद्य वाजवू लागलं, तेही धुक्यातून पाण्याखालून आल्यासारखं.

ओरिन जागचा हलला नव्हता. मी त्याच्याकडे चालत गेलो. त्याचा उजवा हात छातीशी, तोंडासमोर काही आलं तर धरावा तसा.

"गेलं, ग्विल," तो म्हणाला. "चेंडू कुठे पडला?"

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. चेंडू त्याच्या हातमोजा नसलेल्या उजव्या हातात होता.

"तू झेललास, ओरिन."

"थट्टा नको."

मी पंचाला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं, बोटानं चेंडूला टोचलं आणि धुक्यात ओरडला, "बाद! टोप्या घाला, परत जा!"

मग आमचेच लोक फाटकातून परत धावत आले. पण ओरिनची बोटं सुटेनात. मी एकेक करून ती उघडली. तळवा लाल, फुगलेला.

"दुखतंय?"

"नाही," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "काहीच कळत नाही रे."

स्ट्रंक धापा टाकत आला. "टकेट, लेका, वसंतात ये! शब्द आहे माझा."

ओरिननं तो हात त्याच्यापुढे धरला, जणू दुसऱ्या कुणाचा तरी दाखवायला आणलाय. "बॉस, चेंडू यात आला ते मला ग्विलनं सांगितलं. उद्या हा कुणाच्या डोक्यावर चेंडू फेकील आणि मला कळायचंही नाही. दुसरा शोधा."

"भाव वाढवतोयस?"

"नाही."

स्ट्रंकनं माझ्याकडे पाहिलं. खरंय म्हणून मी मान हलवली.

सोमवारी ओरिन खाणीत उतरला. त्याला खेचरं हाकायचं काम मिळालं. लगाम डाव्या हातात धरता येतो.