लंडन ते कराची, दीड वीत

मी काळा दोरा बोलतोय. खरं तर मी करदोडा व्हायचा होतो. झालो नाही. यात माझी चूक किती आणि विमानाची किती, हे मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

रिसोडच्या अमृतलाल शेटजींच्या सुनेनं, कंचननं, मला वळलं ते बाळंतिणीच्या खाटेवर बसूनच. बाळाच्या कमरेभोवती धरून बरोबर तेवढंच कापलं. शिकलेली होती, अंदाजावर तिचा भरवसा नव्हता. त्या घरात मुलाचा पहिला करदोडा बापानं बांधायचा. आणि बाप, जिनदास, कापसाच्या व्यापारापायी लंडनला! विमानानं कराचीला निघतोय, अशी त्याची तार आलेली.

कंचननं शाळेतला भिंतीवरचा नकाशा मागवला. माझं एक टोक लंडनवर, दुसरं कराचीवर. मी तंतोतंत पुरलो. तिला तो शुभशकुनच वाटला.

"चार हजार मैल. ताशी शंभर. म्हणजे दोन दिवससुद्धा नाहीत, आत्याबाई!"

"तुले कोणं सांगतलं?" सासूबाई, सूरजबाई, म्हणाल्या.

"नकाशानं."

"नकाशाले काय जाते! त्याचं लेकरू थोडंच उघडं पडलं? आण इकडं, मीच बांधतो."

"नको. हे येतीलच."

पुढे बाळ नुसतं शिंकलं तरी ती दचकून माझ्याकडे बघायची. दोरा नाही म्हणून काही झालं तर? आणि आत्याबाईंनी बांधला नि ह्यांचं मन दुखलं तर? मी खुंटीवर लोंबत दोन्ही बाजू ऐकायचो.

नकाशात एक गोष्ट नव्हती. अंधार पडला की विमान खाली उतरायचं, उतारू जेवून झोपायचे. कुठं धुळीचं वादळ, कुठं यंत्राचं दुखणं. बगदादहून टपालाच्या थैल्या पुढं गेल्या आणि जिनदास मागं राहिला. माणसापेक्षा पत्रांना घाई असते. कराची, मुंबई, अकोला झालं, तर मोटार रिसोडच्या अलीकडं, केनवडजवळ, जी बसली ती उठेचना. आभाळातून आलेला माणूस शेवटी महिन्याभरानं बैलगाडीतून दारात उतरला.

कंचननं मला पुढं केलं. त्यानं बाळाच्या कमरेभोवती फिरवलं. दोन बोटं कमी पडलो.

"एवढा आखूड काहून कापला?"

"आखूड नव्हता कापला," कंचन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुमी उशिरा आले."

सूरजबाईंनी पदराआडून दुसरा, चांगला लांबलचक दोरा काढून लेकाच्या हातात दिला. "हे घे. मी नकाशाले इचारलं नव्हतं."

करदोडा त्या दोऱ्याचा झाला. मला बाळाच्या पायात बांधलं. हल्ली बाळ तो पाय तोंडात घालतं आणि लंडन ते कराची चघळत बसतं. मला त्याची तक्रार नाही.

पण जिनदासची पुन्हा निघायची तयारी चालू आहे, आणि कंचन सकाळपासून बाळाच्या पायाकडे बघते आहे. बाई, हात जोडतो, नकाशावर धरायला मला पुन्हा सोडू नकोस. या खेपेला अंतर जिनदासलाच विचार.