चौदाव्या पानावरची पेन्सिल

मी कंडक्टर होतो, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. हिंगोली डेपोत एकोणतीस वर्षं काढली. कंडक्टरला दोन सवयी लागतात, सगळं रकान्यात लिहायची अन् चुकलेल्या माणसावर खेकसायची. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी दोन्ही अंगातून गेल्या न्हाईत. माझी बायको द्वारका म्हणते, तुमचा गणवेश तेवढा उतरला.

तिसरी सवय माझी एकट्याची. मी जुन्या चित्रकथा गोळा करतो. त्यातही एकच मालिका, 'मशालवीर'. हिंदीतली. अठ्ठावन्न सालापासून पासष्टपर्यंत दर महिन्याला एक अंक निघायचा, सगळे मिळून शहाण्णव. तोंडाला फडकं बांधलेला घोडेस्वार, हातात मशाल, गोरगरिबाला नाडणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. शाळेत असताना एका पोराच्या दप्तरात मी एक अंक पाहिला अन् खुळावलो तो खुळावलोच. नोकरी लागल्यावर गाडी जिथं थांबायची तिथं मी रद्दीवाल्याच्या पोत्यात हात घालायचो. ड्रायव्हर प्रेमसिंग हॉर्नवर हॉर्न मारायचा, प्रवासी नावं ठेवायचे. पण शहाण्णवातले एक्याण्णव अंक आज माझ्या कपाटात हायेत.

नुसते कपाटात कोंबून मी मोकळा झालो न्हाई. प्रत्येक अंकाची नोंद केली. लाल कापडी पाठीचं मोठं रजिस्टर आणलं अन् त्यात रकाने आखले. अंक, साल, पानं, शिलाई, डाग, खुणा. कुठल्या पानाचा कोपरा कुरतडलाय, कुठं तेलाचं बोट लागलंय, सगळं बराबर लिहिलं. त्या रजिस्टरात मी आयुष्यात एक खोटा शब्द लिहिला न्हाई, याचा मला लई गर्व.

दोन हजार तीन साली जवळा बाजारच्या आठवडी बाजारात दगडोबा रद्दीवाल्याकडं एक गठ्ठा मिळाला. चौतीस अंक, एकाला एक लागून. मला आनंदानं घाम फुटला. एसटीत बसून गठ्ठा सोडला अन् डोकंच फिरलं. प्रत्येक पानावर, पात्राच्या तोंडाजवळ बोलणं लिहायचा जो फुगा असतो, त्या प्रत्येक फुग्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक बारीक खरडून ठेवलं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अन् प्रत्येक अंकाच्या पाठीला लुगड्याचा हिरवा काठ दोऱ्यानं टाचलेला. मी त्या अनोळखी माणसाला परभणीपर्यंत शिव्या घातल्या.

मग साफ करायला बसलो. ड्युटीवरून आलो की दाराजवळ उजेडात पाट घ्यायचा, मऊ खोडरबर घ्यायचं, एकेक शब्द हलक्या हातानं काढायचा. मग पावाचा मऊ गर कागदावर फिरवायचा, म्हणजे राहिलेला काळेपणा उचलला जातो. दोन वर्षं लागली. द्वारका म्हणायची, रद्दीवाल्याशी लगीन केलं असतं तर बरं, तो निदान रद्दी विकतो तरी. हिरवा काठ तेवढा मी काढला न्हाई, कारण तो उसवला असता तर पानं फाटली असती. बाकी सगळं कोरं करकरीत. शेवटचा अंक झाला त्या दिवशी मी द्वारकेला शिरा करायला लावला.

हे सगळं जुनं झालं. मागच्या महिन्यात इथल्या वाचनालयानं माझे तीस अंक काचेखाली मांडले. कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर पाठवले, ते फिरत फिरत पुसेगावला गेले. तिथून एका पोरीचा फोन आला. नाव आकांक्षा, शाळेत शिक्षिका. म्हणाली, काका, फोटोतल्या त्या पुस्तकाला जो हिरवा काठ हाय तो आमच्या आज्जीनं ओळखलाय. तिच्या आईच्या लुगड्याचा हाय म्हणते. आमी येऊ का?

मला तर बरंच वाटलं. अंकांचा मूळ मालक कळला तर रजिस्टरात नोंद पुरी होईल, एवढाच माझा विचार. या म्हणलं.

रविवारी दुपारी दोघी आल्या. जनकाबाईंचं वय सत्त्याहत्तर, पण पाठ सरळ. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. द्वारकेनं पाणी दिलं तर तांब्या तसाच बाजूला ठेवला. आधी पुस्तक बघू द्या, मग पाणी पिते म्हणाल्या. मी एक अंक हातात दिला. त्यांनी चित्र बघितलं न्हाई. काठावरून अंगठा फिरवत राहिल्या अन् हळूहळू सांगायला लागल्या.

त्यांचा थोरला भाऊ सोनाजी. घरादारानं धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या सालापासून हिंगोलीच्या वसतिगृहात शिकायला होता. जनकाबाईंना कुणी शाळेत घातलं न्हाई. घरी म्हैस होती, धाकटी भावंडं होती, पोरीनं शिकून काय करायचं असा तो जमाना. सोनाजीला ते सोसलं न्हाई. दर सुट्टीला तो शहरातून हे चित्रांचं पुस्तक आणायचा. पण ते हिंदी, अन् हिला तर आपलंच अक्षर येत न्हाई. मग तो वसतिगृहात बसून प्रत्येक फुग्याखाली पेन्सिलीनं आपल्या बोलीत लिहायचा, म्हणजे बहिणीला चित्र बघून शब्द लागंल. जिथं गोष्टीत एखादी पोरगी यायची तिथं तो हिचं नाव टाकायचा. आई जुन्या लुगड्याचा काठ फाडून द्यायची, पुस्तक टिकावं म्हणून. जनकाबाई त्या लिहिलेल्यावर कोरडी काडी फिरवून फिरवून अक्षर शिकल्या. चौतीस पुस्तकांत वाचायलाही शिकल्या अन् लिहायलाही.

सासष्ट साली सोनाजी काविळीनं गेला. वय चोवीस. त्याचा एकसुद्धा फोटो न्हाई. आईला ती पुस्तकं डोळ्यासमोर बघवंनात, तिनं कुणाला तरी देऊन टाकली. जनकाबाई तेव्हा सासरी होत्या. माहेरी येईपर्यंत घरात भावाचं काहीच उरलं न्हवतं. सदरासुद्धा न्हाई.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "मला पुस्तक नको. तुमचं हाय, तुमच्यापाशी राहू द्या. मला तेविसाव्या पुस्तकाचं चौदावं पान तेवढं दाखवा. पोरगी हिरीत पडलीय अन् तो वरून हात देतो. तितं माझ्या भावानं लिहिलंय, जने, घाबरू नको, मी हाय. एकदा बघते अन् जाते."

खरं सांगतो, पहिला विचार खोटं बोलायचाच आला. साठ वर्षांची पेन्सिल हो मावशी, उडून जाते, कागद जुना झाला की राहत न्हाई काही. एवढं म्हणलं असतं तर कुणाला कळलं असतं? बाई उठून गेली असती अन् मी सुटलो असतो. शब्द जिभेवर आले होते. पण समोर रजिस्टर पडलं होतं, तेच रजिस्टर ज्यात मी कधी खोटं लिहिलं न्हाई म्हणून गावभर मिरवत होतो. मी ते उघडलं. तेविसाव्या अंकाची ओळ काढली अन् मोठ्यानं वाचली.

"अंक तेवीस. साल एकोणसाठ. पाने बत्तीस. पाठीस लुगड्याचा काठ शिवलेला. प्रत्येक फुग्याखाली पेन्सिलीचे लिखाण. खोडरबर व पावाचा गर वापरून पूर्ण साफ केले."

द्वारका स्वयंपाकघराच्या दारात होती तिथंच थांबली. जनकाबाईंना लगेच उमगलं न्हाई. त्या आकांक्षाकडं बघत राहिल्या. ती खाली मान घालून म्हणाली, आज्जी, काकांनी खोडलंय. मग माझ्याकडं वळली.

"सगळे? चौतीसच्या चौतीस?"

व्हय म्हणलं.

"खोडायच्या आधी वाचलं तरी होतं का तुमी?"

न्हाई म्हणलं. खरंच न्हाई वाचलं. दोन वर्षं रोज ते अक्षर माझ्या नाकासमोर होतं. त्याचा ज कसा पोट काढून बसतो, त्याच्या वेलांट्या कशा मागं लवतात, त्याच्या रेघा कशा शेवटाला वर चढतात, सगळं मला पाठ झालं होतं. पण ते काय म्हणून राहिलंय हे मी एकदाही बघितलं न्हाई. मला ती घाण वाटत होती. माणसावर खेकसण्यात माझी हयात गेली, पण त्या दिवशी कुणीतरी माझ्यावर खेकसावं असं मला वाटलं. कुणीच खेकसलं न्हाई. मला माझीच लाज वाटली, इतकी कधी वाटली न्हवती.

जनकाबाई म्हणाल्या, पान दाखवा तरी.

मी तेविसावा अंक काढला. चौदावं पान उघडलं. हिरीत लोंबकळणारी पोरगी, वरून खाली आलेला हात, फुग्यात हिंदी बोलणं अन् त्याच्याखाली कोरा कागद. माझ्याच हातानं कोरा केलेला. जनकाबाईंनी अंक घेतला अन् उठून दाराशी गेल्या. त्यांना नीट दिसंना, म्हणून त्यांनी तो उन्हाकडं तिरपा धरला. भाकरी झाली का बघायला बाया तव्याशी वाकून बघतात तशा वाकल्या. मग त्यांचं बोट फुग्याखाली टेकलं अन् तिथंच थांबलं.

"हाय की," त्या म्हणाल्या.

मी जवळ गेलो. तिरप्या उन्हात कागदावर बारीक खाचा दिसून राहिल्या होत्या. सोनाजी पेन्सिल दाबून लिहायचा. शिसं मी काढलं होतं, पण दाबलेल्या रेघा कागदातच बसलेल्या. त्या जनकाबाईंच्या बोटाला लागत होत्या, मला मात्र डोळे फाडून बघाव्या लागल्या.

त्यांनी माझ्याकडं न बघता हात पुढं केला अन् पेन्सिल मागितली.

आता बघा, वीस वर्षांत या अंकांजवळ मी कुणाला पेन्सिल आणू दिली न्हाई. थुंकी लावून पान उलटलं म्हणून सख्ख्या मेव्हण्याला मी चार माणसांसमोर खडसावलं होतं. पण मी आत गेलो, पेन्सिल शोधली, चाकूनं टोक काढलं अन् त्यांच्या हातात दिली. त्या उंबऱ्यावर बसल्या. अंक मांडीवर घेतला. पेन्सिल त्या खाचेत टेकवली अन् सावकाश लिहायला लागल्या. खाच पेन्सिलीला बाहेर जाऊ देत न्हवती.

पहिलं अक्षर झालं अन् मी खाली वाकलो. पोट काढून बसलेला ज. मागं लवलेली वेलांटी. शेवटाला वर चढणारी रेघ. खाच संपली होती तिथंही, जिथं कागद घासून घासून मीच सपाट केला होता, तिथंही त्यांचा हात तसाच चालला. ते अक्षर मी दोन वर्षं खोडत होतो, मला ते हजारात ओळखू आलं असतं. त्या दुसऱ्या कुठल्या वळणाचं अक्षर कधी शिकल्याच न्हवत्या. जने, घाबरू नको, मी हाय.

मला रडू आलं. बायको बघत होती, परकी पोरगी बघत होती, तरी आलं. चुकलं मावशी, एवढंच म्हणता आलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या न्हाईत अन् मी विचारलंही न्हाई.

त्यांनी कागदावर फुंकर घातली. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. मग बाजूला ठेवलेला तांब्या उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.

"पहिलं पुस्तक आना," त्या म्हणाल्या. "जेवढं आठवंल तेवढं लिहिते. अन् भाऊ, तुमी शेजारी बसा. मी लिहीन ते आता मोठ्यानं वाचा."