बरणीतली ग्रंथी

“आजपासून मानवजातीला औषध लागणार नाही,” डॉक्टर दिव्यानंद महाराजांनी कोल्हापुरातल्या भरगच्च मंगल कार्यालयात जाहीर केलं. मॅनेजर त्यांच्या कानाशी लागला, “आवरतं घ्या पावणं, दुपारी बारशाला हॉल दिलाय.”

पहिल्या रांगेत मुरगूडचे आकाराम गुरुजी सहकुटुंब होते. निवृत्त विज्ञानशिक्षक, कैक भानामत्या त्यांनी उघड्या पाडलेल्या. या महाराजांनाही त्यांनी नीट पारखलं होतं. लिंबू नाही, अंगारा नाही, अंगावर पांढरा कोट आणि दर वाक्यात ‘पेशी’. म्हणजे विज्ञानच.

“मूलपेशींच्या भुकटीत पेशंटच्या रक्ताचा थेंब,” महाराज सांगत होते. “रातभर बरणीत झाकायचं, की गळ्यातली ग्रंथी तयार. ती गिळली की हार्मोन आपोआप पाझरतो. थायरॉईडच्या गोळ्या कायमच्या बंद.”

गुरुजींनी बायकोच्या, चिमणाबाईंच्या गोळ्या महिन्यापूर्वीच बंद केल्या होत्या. शरीर ग्रंथीसाठी तयार राहावं म्हणून. तिचं तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, बसल्या जागी डोळा लागू लागला. “विज्ञानाला वेळ द्यावा लागतो,” गुरुजी समजावत.

महाराजांनी चिमणाबाईंच्या नावाची बरणी उघडली. आत गुलाबी, लिबलिबीत गोळा. टाळ्या पडल्या. गुरुजींनी डोळे पुसले.

त्यांची मुलगी संयोगिता उठली. ती सरकारी दवाखान्यात डॉक्टर. “महाराज, ही ग्रंथी नक्की कुणाची?”

“तुमच्या मातोश्रींची. पेशी खोटं बोलत नाहीत.”

“रक्ताची बाटली काल मीच आणून दिलती. तिच्यात रक्त नव्हतं. मटणाचा तांबडा रस्सा होता, तेल काढून.”

मागून आवाज आला, “म्हंजे थायरॉईड बकऱ्याला हुता व्हय?”

संयोगितानं पिशवीतून वाटी काढली. तिच्यात तसाच गोळा. “हा कतिरा डिंक. किराणा दुकानात मिळतो, पाण्यात टाकला की फुगतो. मूलपेशींपासून ग्रंथी वाढवायचं काम खरंच चाललंय, पण प्रयोगशाळेत. त्याला वर्षं जातात. एका रात्रीत डिंकच भिजतो.”

महाराज मागच्या दाराकडं सरकले. दारात बारशाचा पाळणा अडकला होता.

गुरुजींनी माईक घेतला. “मंडळी, मी लिंबू शोधत बसलो, कोटाला प्रश्न विचारलाच नाही. शिकलेला माणूस फसला की फसवणुकीला प्रमाणपत्र मिळतं, आणि ते मी फुकट वाटलं. यापुढं कुणीही चमत्कार दाखवला, मीसुद्धा, तर एवढंच विचारा: रक्त न घालता काय होतं? विवेकाची ही मशाल आपण घरोघरी…”

चिमणाबाईंनी सदरा ओढला. “अहो, मशाल ऱ्हाऊ द्या. माजी गोळी काडा आदी. ती घेटल्यावर अर्धा तास गेल्याबिगर च्या पिता येत न्हाय.”