गाठोळीचा पत्ता

"टाकेबाई, ही फांदी कुठून आली?"

साहेबांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीतली निळ्या फुलांची फांदी अलगद वर काढली, तेव्हा टाकेबाई सुईत दोरा ओवत होत्या. वाळवलेली झाडं जाड कागदावर टाके घालून बसवायची आणि खाली नावाची चिठ्ठी चिकटवायची, हे काम त्या वनस्पती संग्रहालयात सव्वीस वर्षं करत होत्या. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं.

"माहेरून आणली, साहेब. टाकून देते."

"टाकून? अहो, साठ वर्षांत हे झुडूप कुणी पाहिलेलं नाही!"

टाकेबाईंना हसूच फुटलं. "आमच्या डोंगरावर याच्यापायी पाऊल ठेवायला जागा नाही. गाठोळी म्हणतो आम्ही. माझ्या धाकट्या भावाच्या मधमाश्या हिच्याच जिवावर तर जगतात."

साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. चहा मागवला, तोही कपबशीतून. मग टाकेबाई बोलतच सुटल्या. कुठल्या फाट्यावर उतरायचं, ओढ्याच्या कुठल्या अंगानं चढायचं, बहर कधी येतो. रजेच्या अर्जाच्या पाठीवर त्यांनी नकाशाही काढून दिला. घरी पोचल्याबरोबर भावाला फोन लावला.

"साहेब येतायत. नीट दाखव सगळं. माझी मान खाली जाऊ देऊ नकोस."

"तायडे, तुझे साहेब ते माझे साहेब," भाऊ म्हणाला. "खांद्यावर बसवून नेतो की नाही बघ!"

तीन दिवस त्यानं साहेबांना डोंगर दाखवला. पुढे साहेबांचा लेख छापून आला. त्यात फोटो होते, फाटा होता, ओढा होता. टाकेबाईंचं नाव कुठेच नव्हतं, पण 'स्थानिक माहितीनुसार' असे दोन शब्द होते. ते त्यांनी चारदा वाचले. म्हणजे मीच की, त्या मनाशी म्हणाल्या.

आधी संग्रहालयानंच साठ झुडपं उपटून आणली, जतन करायला म्हणून. गाठोळीचं मूळ कातळाच्या भेगेत हातभर आत शिरलेलं असतं, ते निघतानाच तुटतं. महिन्याभरात साठही वाळली. त्यातली बरीचशी टाकेबाईंच्याच टेबलावर आली, टाके घालायला. मग लेख वाचलेले हौशी आले. त्यांच्यामागून रोपं विकणारे टेम्पो घेऊन आले.

तिसऱ्या वर्षी भाऊ संग्रहालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. टाकेबाई लगबगीनं खाली गेल्या.

"पहारी घेऊन आले होते, तायडे. रांगेनं खणत गेले. आडवा गेलो तर मलाच ढकललं." त्यानं फाटकाचा गज धरला. "मधमाश्यांच्या चौदाही पेट्या रिकाम्या झाल्या. सकाळी उठलो तर अंगणात आवाजच नाही."

"थांब इथंच. मी साहेबांशी बोलते."

न बोलावता त्या पहिल्यांदाच साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"मला काय कमी वाईट वाटतंय, बाई? पण शास्त्रात ठिकाण द्यावंच लागतं. आणि ठिकाण तर तुम्हीच सांगितलंत."

टाकेबाई खोलीबाहेर पडल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

"काय म्हणाले?" भावानं विचारलं.

"बघतो म्हणाले."

भाऊ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. "तू काढून दिलेला नकाशा त्यांनी मला डोंगरावर दाखवला होता," तो हळूच म्हणाला. "अक्षर ओळखलं मी. तेव्हा छाती फुगली होती माझी."

"दोन घास खाऊन जा रे."

"बस चुकेल."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. टाकेबाईंनी केला की भावजय उचलायची, ते बाहेर गेलेत म्हणायची. शेवटी उन्हाळ्यात चार दिवसांची रजा काढून टाकेबाई माहेरी गेल्या. ओढ्यापासून वरपर्यंत डोंगरावर खड्डेच खड्डे होते, देवी येऊन गेलेल्या तोंडासारखे. अंगणात पेट्या एकावर एक रचल्या होत्या. वरच्या दोन फोडून त्यांचं सरपण केलेलं दिसत होतं.

भावजयीनं ओसरीवर चादर अंथरली आणि ताटलीत ठेवून पाण्याचा ग्लास आणला. या घरात टाकेबाईंनी आजवर पाणी स्वतःच्या हातानं घेतलं होतं, उभ्या उभ्या. आज त्या चादरीवर अंग चोरून बसल्या.

संध्याकाळी भाऊ रस्त्याच्या कामावरून आला. त्याच्या केसांत खडीची पांढरी धूळ होती. त्यानं हातपाय धुतले, तोंड पुसलं, आणि समोरच्या भिंतीला टेकून बसला.

"कधी आलात तुम्ही?" त्यानं विचारलं.

टाकेबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"आत्ताच," त्या म्हणाल्या.

"वाटेत त्रास नाही ना झाला?"

"नाही."

त्यांनी ग्लासातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं आणि आवाज होऊ न देता ग्लास ताटलीत ठेवला.